हलकंफुलकं कुणी ठरवलं?



गेल्या महिन्यात आमच्या गटाचं कपाट आवरत होतो. पत्रकांचे गठ्ठे, शिबिरांचे हिशेब, फाटलेले बॅनर, आणि त्यात एक लांबोडकी वही सापडली. १९८०च्या दशकातली. तेव्हा आम्ही व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने आणून वस्त्यांमध्ये चित्रपट दाखवत असू, त्याची ही नोंदवही. कुठला चित्रपट, कुठे दाखवला, किती जणी आल्या, चर्चा कशी झाली. शेवटच्या पानावर एक यादी होती. तीन रकाने पाडलेले: ‘अवश्य दाखवावे’, ‘चर्चेस योग्य’ आणि ‘नुसती करमणूक’. पहिल्या रकान्यात ‘उंबरठा’, ‘अर्थ’, ‘मिर्च मसाला’. तिसऱ्या रकान्यात ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’. पुढे शेरा: “हलकेफुलके. ८ मार्चला नको.”

अक्षर माझंच आहे.

म्हणून हे भांडण आधी माझ्याशी आहे, मग तुमच्याशी, आणि सिनेमावाल्यांशी शेवटी. सई परांजपे या बाईला सिनेमाच्या बाजाराने ‘छोटे, गोड चित्रपट काढणारी’ म्हणून एका कोपऱ्यात बसवलं, आणि आपण चळवळीतल्या बायकांनी तेच काम आपल्या वहीत केलं. दोघांचा शब्दही एकच होता. हलकंफुलकं. बाजाराचं एक वेळ समजू शकतं. आपलं काय?

१९८१ साली मी बावीस वर्षांची होते आणि पुण्यात दारोदार मसाल्याची पाकिटं विकत होते. एका गृहउद्योगाचा माल. पाकिटामागे कमिशन. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. जिने चढायचे, घंटी वाजवायची, दार बोटभर उघडतं, “नको,” आणि बंद. बाईने दार उघडलं तर आधी ती आपल्या चपला बघते, मग पिशवी. पुरुषाने उघडलं तर तो चपला बघत नाही. “आत या ना, पाणी घ्या,” असं कुणी म्हटलं की आम्ही दोघी एकदम जिना उतरायला लागायचो. दोघींनीच जायचं, असा आमचा नियम होता, तो त्यामुळेच. घरी आईला मी ‘ऑफिसचं काम’ सांगत असे. दारोदार फिरणारी मुलगी म्हणजे काय, याचं उत्तर आमच्या आळीत ठरलेलं होतं, आणि सिनेमातही. तिथे अशी मुलगी एक तर बिचारी असायची, क्षयी बाप आणि शिकणारा भाऊ असलेली, नाही तर वाईट चालीची.

त्या वर्षी ‘चश्मेबद्दूर’ पाहिला. दिल्लीत गच्चीवरच्या खोलीत राहणारे तीन विद्यार्थी. एक अभ्यासू, दोघे टवाळ. आणि दीप्ती नवलची नेहा, जी ‘चमको’ नावाची धुण्याची पावडर दारोदार विकते. ती येते, बादलीभर पाणी मागते, मळकं कापड धुऊन दाखवते आणि आपलं पाठ केलेलं भाषण म्हणते. तिला कुणाची कीव नको आहे. तिच्या घरात कुणी खोकत नाहीय. ती गाणं शिकते, काम करते, आणि काम करताना तिला थोडं हसूही येतंय, कारण ते भाषण आहेच हास्यास्पद. मी थिएटरात बसून रडले, आणि बाजूची बाई माझ्याकडे बघत राहिली, कारण तो प्रसंग विनोदी होता.

आता त्या प्रसंगात हसू कुणाचं होतं, ते नीट बघा. त्या दोन टवाळांनी, ओमी आणि जोमोने, आधीच नेहाच्या मागे लागून पाहिलेलं असतं. दोघांचीही फजिती झालेली असते. पण खोलीवर परत येऊन दोघं आपापल्या विजयाच्या कहाण्या रंगवतात, जुन्या सिनेमातल्या गाण्यांच्या थाटात. मग एक दिवस तीच मुलगी खरोखर दारात येते, आणि हे दोन मर्द काय करतात? लपतात. तिने तक्रार केली तर, या भीतीने लपून बसतात आणि अभ्यासू मित्राला दार उघडायला लावतात.

हिंदी सिनेमाने आपल्या पोरांना काय शिकवलं, यावर आपण परिसंवाद घेतलेत. मुलगी ‘नाही’ म्हणते तेव्हा मागे लागत राहा, गाणं म्हण, वाट अडव, शेवटी ती हसेल. रस्त्यावरच्या छळाला ‘छेडछाड’ असा लाडका शब्द तिथूनच बळकट झाला. सई परांजप्यांनी तेच सगळं साहित्य घेतलं, पाठलाग, बाग, नौकाविहार, गाणी, आणि दाखवून दिलं की हे सगळं खोलीत बसून रचलेल्या थापा आहेत. अमिताभ बच्चन आणि रेखा यांना दोन मिनिटांसाठी आणून फिल्मी प्रेमाचीच खिल्ली उडवली. पोरगी कुठेही हास्याचा विषय झाली नाही. हसं झालं ते बढाईचं. १९८१ सालच्या हिंदी सिनेमात ही साधी गोष्ट नव्हती.

आणि पुढे तर ती गोष्ट हसण्यावारीही राहत नाही. सिद्धार्थ आणि नेहाचं जमतं, तेव्हा हेच दोघे मित्र जळून तिच्या चारित्र्याबद्दल त्याच्या कानात थापा भरतात. आणि तो शहाणा, अभ्यासू, सभ्य मुलगा विश्वास ठेवतो. तिला एक शब्द विचारत नाही. चांगला पुरुषसुद्धा बाईच्या बदनामीवर किती चटकन विश्वास ठेवतो, यावर आम्ही त्या काळात आठ पानी पुस्तिका काढली होती. कुणी वाचली देव जाणे. गठ्ठा अजून त्याच कपाटात आहे.

चित्रपटात खोट नाही असं मी म्हणत नाही. शेवट मला तेव्हाही खटकला होता, आजही खटकतो. आजी एक खोटं अपहरण घडवून आणायचं ठरवते, त्याचं खरं अपहरण होतं, आणि मग तिघे पोरगे धावून जातात. ती फिल्मी शेवटाची टिंगल आहे हे मान्य. पण टिंगल करतानाही मुलीला खुर्चीत बसवून मुलांनाच धावायला लावलं. इतका वेळ स्वतःच्या पायांवर जिने चढणारी नेहा शेवटी सोडवून घेण्यापुरती उरते. यावर सई परांजप्यांशी भांडायला मला आवडलं असतं. पण भांडायचं तर आधी त्यांना भांडण्याजोगं मानायला हवं होतं. आम्ही त्यांना रकाना क्रमांक तीनमध्ये टाकून मोकळ्या झालो होतो.

या बाई आल्या कुठून, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे, तरी तरुण मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. जन्म १९३८ सालचा. आई शकुंतला परांजपे. होय, त्याच, र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम करणाऱ्या, पुढे राज्यसभेत गेलेल्या, आणि १९३७ साली ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्याची शिकलेली मुलगी उभी करणाऱ्या. वडील रशियन चित्रकार. आईने मुलीला एकटीने वाढवलं आणि आपलं आडनाव दिलं, त्या काळात. आजोबा रँग्लर परांजपे. सईंचं पहिलं पुस्तक ‘मुलांचा मेवा’ त्या आठ वर्षांच्या असताना निघालं. मग पुणे आकाशवाणीवर निवेदिका, मुलांचे कार्यक्रम, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९६३ साली तिथून बाहेर पडल्यावर नाटकं, पुढे दूरदर्शन. ‘चश्मेबद्दूर’सुद्धा आधी त्यांनी दूरदर्शनसाठी ‘धुआँ धुआँ’ नावाने केलेलं होतं. म्हणजे मोठ्या पडद्यावर येण्याआधी या बाईने रेडिओ, रंगभूमी, टीव्ही आणि बालचित्रपट सगळीकडे हात घासून काम केलेलं होतं. पटकथा आणि दिग्दर्शन दोन्ही स्वतःचं. विनोदी पटकथा लिहिणं हे किती मोजूनमापून करायचं काम आहे, ते लिहून बघा म्हणजे कळेल. रडवायला एक प्रसंग पुरतो. हसवायला आधीचे पाच प्रसंग जागेवर असावे लागतात.

आमच्या गटात तेव्हा एक आक्षेप निघाला होता. तो इथे लिहिलाच पाहिजे. एक मैत्रीण म्हणाली, “त्यांचं काय, परांजप्यांच्या घरातल्या. त्यांना विनोद परवडतो.” आक्षेप खोटा नव्हता. घरात पुस्तकं, इंग्रजी, देश-विदेश, आजोबांचं नाव, उच्चवर्णीय पुणेरी पाया. हे सगळं गाठीला असल्याशिवाय त्या काळात बाईला कॅमेऱ्यामागे उभं राहणं जवळजवळ अशक्य होतं. पण मग त्या आक्षेपाचा पुढचा भाग आम्ही का नाही बोललो? एवढं सगळं गाठीला असलेल्या, इतकं शिकलेल्या बाईलाही मोजकेच कथापट करता आले. मग आमच्या वस्तीतली ती पोरगी, जी मुकादमाची, नळावरच्या दादाची, आणि आम्हा कार्यकर्त्यांचीही अशी नक्कल करायची की पोट दुखावं, तिला कुठलं दार उघडणार होतं? तिचं पुढे सतराव्या वर्षी लग्न झालं. तिच्या नकलांना आम्ही ‘टवाळी’ म्हणायचो. शिबिरात तिला गप्प बसवलेलंही मला आठवतं.

हिशेब मांडू या. ‘स्पर्श’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, पटकथेचंही मिळालं. १९८१ साली ‘चश्मेबद्दूर’ लोकांनी डोक्यावर घेतला. १९८३ साली ‘कथा’ आला, आणि त्यालाही सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक. तीनपैकी दोन पारितोषिकांचे, आणि तिसरा आजही लोकांच्या तोंडी असलेला. एखाद्या पुरुषाची अशी सुरुवात झाली असती तर? हृषीकेश मुखर्जी याच जातीचे, मध्यमवर्गी घरातले, मिश्किल चित्रपट काढत होते. त्यांनी हयातीत चाळीसहून जास्त चित्रपट केले. ते मोठे होतेच, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ‘कथा’नंतर सईंचा पुढचा कथापट आला तो ‘दिशा’, १९९० साली. मध्ये सात वर्षं. मग ‘पपीहा’ १९९३, त्यानंतर ‘साज’, आणि ‘चकाचक’ थेट २००५ साली.

त्या सात वर्षांत बाई रिकाम्या बसल्या नव्हत्या. दूरदर्शनवर ‘अडोस पडोस’, ‘छोटे बडे’ केलं. नाटकं होतीच. ‘सख्खे शेजारी’, ‘जास्वंदी’ लिहिणारी बाई ती. प्रश्न त्यांच्या उद्योगाचा नाही. प्रश्न हा आहे की मोठा पडदा, मोठा पैसा आणि मोठं नाव कुणाच्या विनोदाला मिळतं. माझं मत असं, की पैसा घालणाऱ्याच्या लेखी पुरुषाचा विनोद हा धंदा असतो आणि बाईचा विनोद हा छंद. पुरुषाने चाळ दाखवली तर तो समाजाचा आरसा. बाईने चाळ दाखवली तर ‘किती छान निरीक्षण’. त्याच सुमारास आपल्या मराठीत दोन अर्थांच्या वाक्यांवर रौप्यमहोत्सव साजरे होत होते. त्या वाक्यांचा एक अर्थ नेहमी बाईच्या अंगावर जाऊन पडायचा. त्याला कुणी ‘हलकंफुलकं’ म्हटलं नाही. त्याला ‘अस्सल मातीतला विनोद’ म्हटलं.

आता ‘कथा’. हा चित्रपट मी वस्तीत दाखवला, पण स्वखुशीने नव्हे.

ते १९८७-८८ साल असावं. ८ मार्चच्या आधीच्या आठवड्यात एका वस्तीत कार्यक्रम ठरला होता. ठरलेली कॅसेट भाड्याच्या दुकानात मिळाली नाही. दुकानदाराने ‘कथा’ हातात दिली. आमच्या बैठकीत वाद झाला. मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध १९८० साली रस्त्यावर उतरलेल्या आम्ही, रोज कुठे ना कुठे सून जळाल्याची बातमी, आणि आम्ही वस्तीत विनोदी सिनेमा दाखवायचा? पण आलेल्या ऐंशी-नव्वद बायकांना परत कसं पाठवणार? लावला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: एस. जी. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरचा हा चित्रपट. मुंबईची चाळ. राजाराम नावाचा पापभीरू कारकून, शेजारच्या संध्यावर मुकाट प्रेम करणारा. त्याच्याकडे त्याचा मित्र बाशू येऊन राहतो. बाशू म्हणजे थापाड्या, गोडबोल्या, उधार सिगारेटी ओढणारा, सगळ्यांना ‘तुमचं काम झालंच समजा’ सांगणारा. चाळ त्याच्यावर भाळते. संध्याही भाळते, तिच्या घरचेही. लग्न ठरतं, आणि बाशू पळतो. मग राजाराम संध्याला विचारतो. ती त्याला सांगते की बाशूबरोबर आपण कुठवर गेलो होतो. आणि तरीही ते लग्न करतात. कुणी विहिरीत उडी मारत नाही, कुणी विष घेत नाही, कुणी गाव सोडत नाही.

बायका हसल्या, किती हसल्या. चाळीतलं पाणी, शेजारणींचे कान, सार्वजनिक कौतुकं, सगळं त्यांच्याच घरातलं होतं. संध्याच्या त्या प्रसंगाला मात्र एकदम चिडीचूप. चित्रपट संपला. मी माझ्या वहीतले चर्चेचे मुद्दे काढले. एक आजी म्हणाल्या, “आमच्या टायमाला हे असं झालं असतं तर हीरच होती.” दुसरी म्हणाली, “त्यो उपकार केल्यागत न्हाई बोलला, ते बरं.” आमच्यातल्या एकीने लगेच मुद्दा मांडला, की राजारामने स्वीकारलं म्हणजे काय, स्वीकारणारा तो कोण? मुद्दा बरोबरच होता. मलाही तो आज बरोबर वाटतो. संध्याला त्या गोष्टीत स्वतःचा असा निर्णय फार थोडा आहे. या दोघांतला एक गेला की दुसरा, यापलीकडे तिच्यापुढे काही ठेवलेलं नाही. पण त्या आजीने जी विहीर सांगितली, तिच्यापासून संध्यापर्यंतचं अंतर केवढं आहे, ते आमच्या मैत्रिणीला त्या क्षणी दिसलं नाही. आजीला दिसलं होतं.

आणि मग कोपऱ्यातून एकजण बोलली, “आपल्या वस्तीतबी हाय की एक बाशू.”

सगळ्याजणी फुटल्याच. कोण म्हणून सांगायची गरजच पडली नाही. रेशनकार्ड काढून देतो म्हणून या माणसाने घराघरातून पन्नास-पन्नास रुपये गोळा केले होते. वर्ष उलटलं, कार्ड नाही. बायका त्याला घाबरून असत. त्याची ‘वर’ ओळख आहे, तो नाव खोडायला लावेल, अशी भीती. आम्ही त्याच्याविरुद्ध अर्ज लिहा म्हणून दोन बैठका घेतल्या होत्या. एकीनेही अंगठा दिला नव्हता. त्या रात्रीपासून त्याचं नाव बाशू पडलं. दुसऱ्या दिवशी पोरं त्याला बघून “बाशूभाऊ, काम झालंच समजा!” म्हणून पळू लागली. आठवड्याभरात सात-आठजणी मिळून त्याच्या दारात गेल्या. हसत गेल्या, हे महत्त्वाचं. त्याने सगळ्यांचे नाही, पण बऱ्याचजणींचे पैसे टाकले. जो माणूस अर्जाला भ्याला नाही तो हसण्याला भ्याला.

आता माझ्या वहीतली त्या रात्रीची नोंद वाचा: “उपस्थिती ८५. चर्चा विषयाला सोडून झाली.”

लाज वाटावी असं वाक्य आहे. विषय काय होता मग? थापाड्या पुरुषाने बायकांना कसं फसवलं, आणि बायकांनी एकमेकींत ते बोलून कसं टाकलं, हाच तर विषय होता. पण तो आमच्या मुद्द्यांच्या क्रमाने आला नाही आणि हसत आला, म्हणून आम्हाला तो ओळखूच आला नाही.

मला ठाऊक आहे, कुणी म्हणेल की चळवळीत विनोद नव्हता असं कोण म्हणतं? ‘मुलगी झाली हो’ विसरलात का? नाही विसरले. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांचं ते नाटक १९८३ पासून गावोगाव गेलं ते गाण्यांच्या आणि हशाच्या बळावर. दारूबंदीच्या मतदानातली ‘आडवी बाटली’ हीसुद्धा बायकांनी मिटक्या मारत वापरलेली चिन्हंच. आपल्या जात्यावरच्या बायका सासूची, नणंदेची, नवऱ्याची उडवतच आल्या. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त एवढ्या थोर कवी नवऱ्याला ज्या प्रेमाने आणि ज्या निर्दयपणे चिमटे काढलेत, तसे आजही कुणी काढत नाही. म्हणजे परंपरा होती. म्हणूनच माझा राग जास्त आहे. आपण ती पथनाट्यात वापरली, प्रचाराला वापरली, आणि जिथे प्रचार नव्हता, नुसती एक बाई आपल्या डोळ्यांनी पुरुषांकडे बघून गालात हसत होती, तिथे आपण तिला आपली मानली नाही.

गंमत म्हणजे, याच बाईंनी आपल्या ‘अवश्य’ रकान्यात बसेल असंही काम केलं. फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी १९९३ साली ‘चूडियाँ’ केली, महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावातल्या बायकांच्या दारूविरोधी लढ्यावर. त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. नावच बघा. ‘बांगड्या भरा’ ही ज्या समाजातली सर्वांत मोठी शिवी, तिथल्या लढाऊ बायकांच्या चित्रपटाचं नाव बांगड्या. ‘दिशा’मध्ये गाव सोडून मुंबईत गिरणीचं काम शोधणारे पुरुष आहेत, गर्दीच्या गाळ्यात राहणारे, आणि मागे गावात राहिलेल्या बायका. ‘साज’मध्ये दोन गायिका बहिणी. यातले किती आपण दाखवले? आमच्या वहीत एकही नाही. एकदा हलकंफुलकंचा शिक्का बसला की पुढचं काही बघायचंच नाही, असं झालं होतं.

बाजाराने काय केलं तेही सांगून टाकते. २०१३ साली ‘चश्मेबद्दूर’चा नवा अवतार आला. डेव्हिड धवन यांचा, दिल्लीची गच्ची सोडून गोव्यात नेलेला. ५ एप्रिलला तो लागला, आणि त्याच दिवशी मूळ चित्रपटाची नव्याने साफ केलेली प्रतही थिएटरांत लागली. एकाच दिवशी, एकाच नावाचे दोन चित्रपट. एक बाईने लिहिलेला, बत्तीस वर्षं टिकलेला, आणि दुसरा त्याच्या नावावर उभा राहिलेला. मोठा पैसा, मोठ्या जाहिराती दुसऱ्याच्या. बाईचा विनोद हलका असेल तर तो उचलून न्यायला इतके हात का पुढे आले?

आज टीव्हीवर विनोदाला तोटा नाही. पुरुष साडी नेसून, ओठ रंगवून, कमरेला झटके देत येतात आणि तेच विनोदी. बायको म्हणजे कटकट, मेहुणी म्हणजे लाळ, जाडी म्हणजे हशा. त्याला विरोध केला की आपल्याला तोंडावर सांगतात, तुम्हा स्त्रीमुक्तीवाल्यांना विनोदबुद्धी नाही. त्यावर आपण चिडतो, आणि चिडलेला फोटो छापून येतो. अशा वेळी म्हणता यायला हवं होतं की विनोदबुद्धी? आमच्याकडे सई परांजपे आहेत. ‘चमको’ आहे. लपून बसलेले ओमी-जोमो आहेत. चाळीला टोपी घालून पळालेला बाशू आहे. तुम्ही आमच्यावर हसता, आमच्या बाईने तुम्हाला तुमच्यावर हसवलं आणि तुम्हाला ते कळलंही नाही, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. हे आपल्याला म्हणता आलं नाही, कारण आपण कधी त्यांना ‘आमच्या’ म्हटलंच नाही.

त्यांनी आपलं लेबल लावून घेतलं असतं की नाही, ते निराळं. बहुधा नसतंच. पण ‘उंबरठा’ जब्बार पटेलांचा, ‘अर्थ’ महेश भटांचा, ‘मिर्च मसाला’ केतन मेहतांचा. तेव्हा आपण कुणाला लेबल विचारलं होतं? वहीतला पहिला रकाना मी पुन्हा पुन्हा वाचला. त्या वरच्या तिन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक पुरुष. तिसऱ्या रकान्यातली बाई. चाळीस वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याही हे ध्यानात आलं नाही.

ती वही मी परवाच्या बैठकीत वाचून दाखवली. तरुण मुली हसून लोळल्या, आम्ही म्हाताऱ्या आधी रागावलो आणि मग हसलो. एकीने विचारलं, “ताई, मग बाशूचे पैसे तुम्हाला मिळाले का?” मी सांगितलं, माझे नव्हतेच, पण ज्यांचे होते त्यातल्या दोघी अजून त्याच वस्तीत आहेत. तेव्हा असं ठरलंय: येत्या ८ मार्चला त्याच वस्तीत, समाजमंदिराच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सात वाजता ‘कथा’. त्या दोघी बोलणार आहेत. चर्चेचे मुद्दे कुणी काढायचे नाहीत. नकला करणाऱ्या पोरींना आधी निरोप धाडलाय. चहा आहे, सतरंज्या कमी पडतील, शक्य असेल त्यांनी घरून आणाव्यात.